उंबऱ्यावरचा तीन

आमच्या धाराशिवच्या घराचा उंबरा चांगला रुंद होता, पण त्यावर बसायचं नाही अशी आईची ताकीद होती. निजामाचं राज्य गेलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मात्र त्या उंबऱ्यावर रोज सकाळी एक पाटी ठेवलेली असे. पाटीच्या आतल्या अंगाला मी बसे आणि बाहेरच्या अंगाला, ओट्यावर चटई टाकून, मास्टरसाब. मी त्यांना शिकवत होते असं म्हणायला मला अजूनही संकोच वाटतो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, आणि मी परक्या माणसाशी वर बघून न बोलणारी.

मास्टरसाब हायस्कुलात गणित शिकवत. शाळेतलं सगळं शिक्षण तेव्हा उर्दूतून होतं. माझा थोरला भाऊ त्यांच्याच हाताखाली शिकला आणि पुढं हैदराबादला कॉलेजात गेला. मला लहानपणीच सोलापूरला मामाकडं ठेवलं होतं. मामाच्या घराजवळ मिशनची मुलींची शाळा होती, मामीला मूल नव्हतं, आणि आमच्याकडं मुलींना फार पुढपर्यंत शिकायची सोय नव्हती. त्यामुळं मी मॅट्रिकपर्यंत सगळं इंग्रजीतून शिकले. सुट्टीत आम्ही दोघं घरी आलो की गणितातल्या ज्या चिन्हाला भाऊ ‘जझर’ म्हणायचा त्याला मी ‘रूट’ म्हणायची. आई चुलीपाशी बसून ऐकायची.

“अरे, मग मराठीत त्याला काय म्हणतात?” तिनं एकदा विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं.

“मराठीत हिशोब असतो, आई. हे नसतं,” भाऊ म्हणाला, आणि आम्ही हसलो. तोच प्रश्न पुढं एका माणसाच्या नोकरीवर येऊन बसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

राज्य बदललं आणि काही महिन्यांनी हुकूम आला की पुढच्या वर्षी शाळा मराठीतून भरेल. जुन्या मास्तरांनी तपासनिसांसमोर एक धडा मराठीतून शिकवून दाखवायचा. ज्यांना जमेल ते राहतील, बाकीच्यांना घरी बसवतील. मास्टरसाबना मराठी येत नव्हती असं अजिबात नाही. ते इथलेच, त्यांचे वडीलही इथलेच. पाऊसपाणी, आजारपण, भाजीचा भाव, शेजाऱ्याचं भांडण, सगळं ते आमच्यासारखंच मराठीत बोलत. पण हातात खडू घेतला की तोंडातून उर्दू येई. गणित त्यांच्या डोक्यात उर्दूतच राहत होतं.

त्यांच्या वाट्याला आलेला धडा असा होता: एखाद्या संख्येच्या डोक्यावर घात म्हणून अपूर्णांक बसलेला असेल, तर तीच संख्या मुळाच्या रूपात कशी लिहायची.

माझे वडील कचेरीत कारकून होते. एके दिवशी घरी येताना त्यांनी मास्टरसाबना सोबत आणलं. मी दाराआड उभी होते.

“पोरगी इंग्रजीतून शिकली, पण गणितात तिला गोडी आहे,” वडील म्हणाले. “तिला विचारा.”

मास्टरसाबनी दाराकडं न बघता, अंगणाकडं तोंड करून म्हटलं, “बेटी, मला हिशोब येतो. लफ्ज येत न्हाईत. तेवढे द्या.”

ते मराठी शब्द माझ्याकडंही नव्हते. मी आईच्या कानात तसं सांगितलं. आईनं ते मोठ्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. “ती म्हणते, तिला पण येत न्हाईत.”

मास्टरसाब हसले. त्या दिवसांत ते हसले की सगळे जरा चमकून बघत. “मग बरं झालं, भाभी. आम्ही दोघं एकाच वर्गात.”

मामाला निरोप गेला की सोलापुरात बीजगणिताचं मराठी पुस्तक मिळालं तर पाठव. ते येईपर्यंत काहीतरी सुरू करायचं ठरलं.

नोकरी गेली तर खायचं काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न नव्हता. त्यांच्या बायकोचे भाऊ हैदराबादला होते आणि त्यांनी इकडं या म्हणून दोनदा माणूस पाठवला होता. बायकोला जायचं होतं. मास्टरसाबना जायचं नव्हतं, आणि नोकरी हीच त्यांची राहण्याची सबब होती. त्यांचा मोठा मुलगा पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत एका खेड्यात आत्याकडं गेलेला होता. तिकडं मुसलमानांचं काय झालं ते सगळ्यांना कळलं होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. मुलगा परत आला नाही. तो मेला असं सांगणाराही कुणी आला नाही.

“नोकरी राहिली तर ते इथं राहतील,” वडील आईला हळू आवाजात म्हणाले. “ते इथं राहिले तर पोराला घर सापडंल. एवढंच आहे सगळं.”

त्या मुलाला मी एकदोनदाच पाहिलं होतं. वडिलांचं वर्तमानपत्र वाचून झालं की तो न्यायला यायचा. ओट्याशी येऊन मोठ्यानं खाकरायचा, म्हणजे आत बायका असतील तर त्यांनी सावरून बसावं. मास्टरसाबही तसंच खाकरत. त्या उन्हाळ्यात रोज सकाळी ते खाकरणं ऐकलं की आई हातातलं काम थांबवायची, मग म्हणायची, “मास्टरसाब आले गं,” आणि पुन्हा कामाला लागायची. काम थांबवण्याचं कारण मला कळत होतं. आम्ही ते एकमेकींना बोलून दाखवलं नाही.

पहिल्या दिवशी मी पाटीवर आठ लिहिला आणि त्याच्या डोक्यावर लहान अक्षरात दोन छेद तीन. पाटी उंबऱ्यावर ठेवून मी मागं सरले. मास्टरसाबनी ती उचलली, क्षणभर बघितली आणि उर्दूत भराभर काहीतरी म्हणाले. मग खडूनं चिन्ह काढलं आणि पाटी परत ठेवली. आठाच्या वर्गाचं घनमूळ. मला ते इंग्रजीत माहीत होतं, म्हणून मी मनात इंग्रजीत म्हटलं.

“आता मराठीत,” ते म्हणाले.

आई खांबाला टेकून ज्वारी निवडत होती, सुपाचा आवाज तेवढा येत होता.

“हे चिन्ह आहे ना,” शेवटी मास्टरसाब म्हणाले, “हे छप्पर. एवढं तरी मराठी आहे.”

आईनं मान वाकडी करून पाटीकडं बघितलं. “छप्पर कसलं? पडवी आहे ती. एकाच बाजूला उतार आहे.”

“पडवी तर पडवी, भाभी. आठ पडवीत बसला. त्याच्या डोक्यावर दोन. आणि हा बारका तीन,” त्यांनी चिन्हाच्या डाव्या खाचेतल्या लहान आकड्यावर बोट ठेवलं, “हा आत न्हाय. हा बाहेर बसलाय.” ते थांबले. मग त्यांनी आमच्या दाराकडं बघितलं, चटईकडं बघितलं. “हा माझ्यासारखा उंबऱ्यावर बसलाय.”

असं त्या आकड्याचं नाव उंबऱ्यावरचा पडलं. आतला तो घरातला. सगळा नियम मग आमच्या त्या मराठीत एका दमात सांगता येऊ लागला: डोक्यावरच्या अपूर्णांकातला खालचा आकडा उंबऱ्यावर जातो, आणि वरचा आकडा घरातल्याच्या डोक्यावर राहतो. मास्टरसाबनी तो तीनचारदा म्हणून बघितला. त्यांना तो आवडलेला दिसला.

“आणि खालचा आकडा दोन असेल,” मी म्हटलं, “तर तो उंबऱ्यावर लिहीत नाहीत. समजून घ्यायचा.”

मी त्यांच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य. माझं मलाच ते मोठं वाटलं.

“व्हय,” ते गंभीरपणे म्हणाले. “तो घरचाच. त्याला कशाला बाहेर बसवायचं.”

पुढं काही दिवसांनी एक अडचण दिसू लागली. मास्टरसाबचा हात उजवीकडून चालायचा. आकडे ते आमच्यासारखेच लिहीत, पण मुळाचं चिन्ह ते उजवीकडून काढत. आधी पडवीची आडवी रेघ ओढत डावीकडं येत, मग खाली उतरत, मग शेपूट. उंबऱ्यावरचा आकडा त्यामुळं सगळ्यांत शेवटी यायचा, आणि घाईत राहून जायचा. मी डावीकडून लिहिणारी. माझा तो आकडा आधीच लिहून होई. उर्दूत शिकवताना ते तोंडानं ‘घनमूळ’ या अर्थाचा शब्द म्हणत, त्यामुळं हातातून सुटलेलं तोंडानं भरून निघे. मराठीत तोंडाला शब्द सापडेपर्यंत हात पुढं निघून गेलेला असे.

एकदा पाटी उंबऱ्यावर आली तेव्हा तिच्यावर √६४ = ८ असं होतं. आठाचा वर्ग चौसष्ट, तो पडवीत बसवलेला, पण उंबऱ्यावर तीन नाही. तीन नसला म्हणजे ते वर्गमूळ झालं, आणि चौसष्टचं वर्गमूळ आठच. मोठ्या माणसाची चूक कशी सांगतात हे मला येत नव्हतं. पाटी तशीच पडून राहिली तेव्हा आईनं सूप खाली ठेवलं आणि वाकून बघितलं. तिला मुळं-घात काही येत नव्हतं. आकडे वाचता येत होते.

“काय बाई! आठ दिले, आठच परत आले,” ती म्हणाली. “मग मधे एवढं लिहिलं कशाला?”

मास्टरसाबनी पाटी ओढून घेतली. बघितलं. मग कपाळाला हात लावला, आणि खडूचा डाग कपाळावर तसाच राहिला. “भाभी, तुम्हालाच तपासनीस करायला पाहिजे.”

“करा की. पण कचेरीतनं मला घरी स्वयंपाकाला सोडावं लागंल.”

तीन बसला, चौसष्टचं घनमूळ चार निघालं. आईचं तेवढ्यानं समाधान झालं नाही. आठाचे चारच उरले हेही तिला पटत नव्हतं. एवढ्या खटपटीत काहीतरी वाढायला हवं होतं, असं तिचं म्हणणं.

आमची पद्धतही एक नव्हती. सत्तावीसच्या डोक्यावर दोन छेद तीन असले तर मला मिशनच्या शाळेतल्या मिसनी शिकवलं होतं की आधी वर्ग करा, मग घनमूळ काढा. वर्ग करताना आकडा सातशे एकोणतीसपर्यंत जातो आणि मग घनमूळ काढताना जीव जातो. मास्टरसाब आधी घनमूळ काढत, तीन, आणि मग त्याचा वर्ग, नऊ. “आधी लहान करून घ्या,” ते म्हणत, “मग वाढवा. उत्तर तेच, ओझं कमी.” मी दोन्ही रीती पाटीवर शेजारी शेजारी लिहिल्या. दोन्हींच्या तळाशी नऊ. त्या नऊंकडं ते जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मग म्हणाले, “बेटी, एक विचारतो. अपूर्णांक डोक्यावर तसाच ठेवला तर गणित चुकतं का?”

“नाही.”

“किंमत बदलते का?”

“नाही. तीच राहते.”

“मग मुळाच्या रूपात कशाला लिहायचं? तपासनीस विचारणार. मी उर्दूत काहीतरी सांगितलं असतं. मराठीत तुम्ही सांगा.”

शाळेत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी विचार केला, आणि मला जे सुचलं ते म्हटलं. “वाचणाऱ्याला दिसावं म्हणून. डोक्यावर अपूर्णांक असला की काय करायचं ते लगेच कळत नाही. मुळाच्या रूपात लिहिलं की वाट दिसते.”

ते अंगणाकडं बघत होते. “व्हय,” म्हणाले. “दिसायला पाहिजे.”

त्या दिवशी ते लवकर उठून गेले.

मामाचं पुस्तक आलं तेव्हा तपासणीला थोडेच दिवस उरले होते. त्यात सगळे शब्द होते, नीट, छापलेले. घातांक, अंश, छेद, मूळचिन्ह, करणी. उंबऱ्यावरच्या आकड्याला पुस्तकात कोटी म्हणत. मी तो शब्द मोठ्यानं वाचला तसं आई म्हणाली, “एवढ्याशा तीनला कोटी? फार मान दिला.” मास्टरसाबनी सगळे शब्द पाठ केले. माझ्यासमोर ते एखाद्या मुलासारखे मांडी घालून घडाघडा म्हणत, कोटी, करणी, कोटी, करणी. पण गणित सोडवायला घेतलं की हळूच उंबऱ्यावरचा परत यायचा. मी “कोटी” म्हणायची. ते “हां, हां, कोटी” म्हणायचे. तोंडात एकदा घर केलेला शब्द मागं घेता येत नाही हे मला तेव्हा कळलं. इंग्रजीतून आलेल्या मला ते आधीच कळायला हवं होतं.

तपासनीस पुण्याकडचे होते. माझ्या वडिलांना कचेरीनं त्यांच्या दिमतीला दिलं होतं, त्यामुळं वर्गात काय झालं ते मला वडिलांकडून कळलं. सकाळपासून आई आणि मी कुठल्याच कामात नव्हतो. दुपारी वडील आले, पाय धुतले, आणि ओट्यावर बसूनच सांगायला लागले.

“सुरुवात चांगली केली. घातांक, छेद, सगळं पुस्तकातलं. साहेब मान हलवत होते. मग फळ्यावर आठ लिहिला, डोक्यावर दोन छेद तीन. आणि चिन्ह काढलं ते—”

“उजवीकडून,” मी म्हटलं.

“उजवीकडून. चौसष्ट आत. आणि तीन विसरले. आणि उत्तर लिहिलं, आठ. साहेबांनी पेन्सिल काढली. मला तर तिथं बसवेना.”

आईनं पदर तोंडाशी धरला.

“मास्टरसाब फळ्याकडं बघतायत. मग वळले पोरांकडं, आणि कसं म्हणाले माहीत आहे? ‘काय बाई! आठ दिले, आठच परत आले. मग मधे एवढं लिहिलं कशाला?’ असं, असा हात करून. ही आपली म्हणते तसंच!” वडिलांनी आईकडं हात केला. “पोरं फुटली हसायला. मग विचारलं, ‘कोण राहिलं बाहेर?’ एकानं सांगितलं, तीन. ‘कुठं बसतो तो?’ पोरांना काय माहीत. तर म्हणाले, ‘उंबऱ्यावर,’ आणि बसवला तीन. मग सगळा वर्ग ओरडायला लागला, उंबऱ्यावर, उंबऱ्यावर. पाच गणितं घातली, एक चुकलं न्हाय.”

“आणि साहेब?” आईनं विचारलं.

“साहेब म्हणाले, हा शब्द कुठल्या पुस्तकात आहे? मास्टरसाब म्हणाले, पुस्तकात कोटी आहे, साहेब, माफ करा. साहेबांनी लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी बघितलं न्हाय. पण म्हणाले, मराठीतून शिकवता येतं यांना.”

आईनं उठून चहाचं आधण ठेवलं. संध्याकाळी मास्टरसाब आले, खाकरले, बसले. धड्याबद्दल फार बोलले नाहीत. “भाभी, तुमचं वाक्य मी उचललं,” एवढंच म्हणाले. आई म्हणाली, “न्या हो, आमच्याकडं अशी लई आहेत.” घरात त्या संध्याकाळी बरं वाटत होतं. ते आता इथंच राहतील असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

थोड्या दिवसांनी हुकूम आला. मास्टरसाबना लोहाऱ्याच्या शाळेत पाठवलं होतं. गणित मराठीतून शिकवू शकणारे मास्तर जिल्ह्यात थोडे होते आणि तिथं एकही नव्हता. जमलं नसतं तर हैदराबादला जावं लागलं असतं. जमलं म्हणून लोहाऱ्याला जायचं होतं. वडील म्हणाले, कचेरीत बोलून बघतो. मास्टरसाबनी हात धरून त्यांना थांबवलं. “नको. ह्या दिवसांत माझ्यासाठी कुणापुढं उभं राहू नका.”

“हैदराबादपेक्षा लोहारा जवळ की,” आई म्हणाली. तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं.

“जवळ आहे, भाभी. पण त्याला कसं कळंल?”

मुलाचा उल्लेख आमच्या घरात त्यांनी पहिल्यांदा केला होता.

“आम्ही आहोत ना,” आई म्हणाली. “तो आला की आम्ही सांगू.”

“तो विचारणार न्हाय.” ते उंबऱ्याकडं बघून बोलत होते. “ह्या गल्ल्यांत तो आता कुणालाच विचारणार न्हाय. तुम्हालासुद्धा. येईल, दाराला कुलूप बघंल, आणि तसाच माघारी जाईल.”

वडील खाली बघत होते. त्या गल्ल्यांत त्या दिवसांत कोण कसं वागलं होतं ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. मी आत पाटीशेजारी बसले होते. पाटी कोरी होती.

“दारावर लिहा,” मी म्हटलं. “विचारायला लागू नये. दिसावं.”

मास्टरसाबनी माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत सरळ बघितलेलं पहिल्यांदाच, आणि मीही मान खाली घातली नाही.

त्यांचं घर मागच्या गल्लीत होतं. जायच्या आदल्या दिवशी मी आईबरोबर तिथं गेले. आतलं सामान बांधून झालं होतं. त्यांच्या बायकोनं आईचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. मास्टरसाब शाळेतला खडू घेऊन बाहेर आले. दार तेलपाण्यानं काळं झालेलं, फळ्यासारखं. त्यांनी उजवीकडून सुरुवात करून उर्दूत एक ओळ लिहिली. मग तिच्याखाली, डावीकडून, सावकाश, मराठीत: अब्बा लोहाऱ्याला आहेत. शाळेत ये.

“तो तर उर्दू वाचतो,” मी म्हटलं. “मराठी कशाला?”

“मराठी बाकीच्यांसाठी,” ते म्हणाले. “नुसतं उर्दू दिसलं तर कुणालातरी वाटंल, काय लपवून लिहिलंय. पुसून टाकतील. खाली वाचता आलं तर राहू देतील.” मग खडूचा उरलेला तुकडा त्यांनी माझ्या हातात दिला. “लोहाऱ्याला काना आहे ना बरोबर?”

“बरोबर आहे,” मी सांगितलं.

ते गेले. गल्लीतल्या लोकांनी दारावरचं वाचलं आणि कुणी पुसलं नाही. पण त्या गल्लीतून शेळ्या जातात आणि दाराला अंग घासतात. महिन्याभरात खालची ओळ पुसट झाली, वरच्या ओळीची टिंबं दिसेनाशी होऊ लागली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते आणि येताजाता तिथून जात असे. एका सकाळी गल्लीत कुणी नाही असं बघून मी पिशवीतून खडू काढला. मराठी ओळ चटकन झाली. उर्दू मला येत नाही. पुसट रेघा दिसत होत्या तिथं तिथं मी खडू फिरवला, टिंबांच्या खुणा उरल्या होत्या तिथं टिंबं दिली. कुणी बघेल म्हणून मधूनमधून मागं वळून बघत होते. वडिलांना कचेरीमुळं उर्दू येई; त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ते पटकन लिहिलं असतं. मी सांगितलं नाही.

पुढं सुट्टीत मास्टरसाब घर उघडायला आले तेव्हा आमच्याकडं येऊन बसले. लोहाऱ्याच्या पोरांबद्दल बोलले. तिथं निम्मी पोरं घरी कानडी बोलतात, म्हणाले, त्यांनाही उंबऱ्यावरचा समजतो. आईनं चहा दिला. मग ते मला म्हणाले, “बेटी, दारावरची वरची ओळ डावीकडून लिहिलीय.”

मी विचारलं, “कसं कळलं?”

“खडू जिथं पहिल्यांदा टेकतो तिथं जाड उमटतो. सगळी अक्षरं शेवटाकडून सुरू झालीयत.”

“वाचता येतं का पण?”

“येतं,” ते म्हणाले. “चांगलं येतं.”

त्याला आता काही वर्षं झाली. शेळ्या आहेत तशाच आहेत आणि मी अजून त्या गल्लीतून जाते. आता मी वरची ओळ उजवीकडून सुरू करते. हात अवघडतो, पण अक्षर त्यांच्या अक्षराच्या जवळ जातं. अजून कुणी आलेलं नाही. दारावरचं मात्र लांबूनही वाचता येतं.